साठवणदासाची जुनी टेस्ट

ऑफिसात त्याला सगळे साठवणदास म्हणत. एकदा लिहिलेली टेस्ट तो कधी टाकून द्यायचा नाही. टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एखादा भाग नीट चालतोय ना, हे आपोआप तपासणाऱ्या चार ओळी. नवं काम आलं की हा जुन्या फोल्डरातून शे-दोनशे टेस्ट काढायचा, नव्या कामाला चिकटवायचा आणि पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली की खुशाल चहाला जायचा.

आजचं काम कुरिअर कंपनीचं होतं. पार्सल पोचलं की गिऱ्हाइकाला मेसेज जायला हवा. दहा वाजता सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या आणि पाच मिनिटांनी आईचा फोन आला. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची.

"अरे, पार्सल दारात आलंय असा मेसेज आला, फोन डोळ्यांशी धरून वाचला. तीन जिने उतरले, तर खाली चिटपाखरू नाही! माझा नवा चष्मा असेल रे. आठवडाभर नुसती चाचपडतेय."

"येईल गं. तू वर जा."

त्याने एक ओळ बदलली, टेस्ट पुन्हा चालवल्या. पाच मिनिटांनी पुन्हा आई. पुन्हा मेसेज, पुन्हा कुणी नाही.

आता मात्र त्याचं कुतूहल चाळवलं. हे जुळतंय कसं? खात्री करायला त्याने टेस्ट चालवली. फोन आलाच. शेजारची टेस्टरबाई खुर्ची सरकवून आली.

"थांब, मी घड्याळ लावते. हं, चालव." फोन वाजला. "साडेचार मिनिटं! एवढा वेळ कसला लागतो रे?"

"आईला जिने उतरायला," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

फोनवर आई धापा टाकत होती. "चौथ्यांदा उतरले! आता वर जातच नाही. इथेच खुर्ची टाकून बसते. बघू कसा पळतो मेला!"

सात वर्षांत पहिल्यांदाच साठवणदासाने मेसेजची ती टेस्ट ओळ न् ओळ वाचली. लिहिताना नंबर हवा होता म्हणून पाठ असलेला एकच नंबर घातला होता, आईचा. तेव्हा मेसेज खरा जाऊ नये अशी सोयही केली होती.

"टेस्ट आणलीस आणि ती सोय जुन्या कामातच विसरलास होय?" टेस्टरबाई म्हणाली.

चूक सुधारून त्याने ओशाळत फोन लावला. "आई, ते मेसेज माझ्याकडूनच येत होते. वर जा, कुणी येणार नाही."

"येणार नाही कसं? आत्ताच कुरिअरवाला येऊन गेला. चष्मा लावूनच बोलतेय."

"मेसेज आला होता?"

"छे! तो म्हणाला, आजी, आम्ही अजून मेसेज पाठवत नाही, ते काम चाललंय म्हणे. खालून हाक मारतो नि निघतो. परवाही येऊन गेला होता, मला वर ऐकूच आलं नाही. बरं झालं खाली बसले होते!"

साठवणदासाने पडद्यावरच्या हिरव्या खुणांकडे पाहिलं.

"पण तुझ्या त्या मेसेजांत माझा नंबर कसा आला?"

"सात वर्षांपूर्वी घातला होता. जपून ठेवला होता."

"एवढा जपलायस, तर कधी फोन लावायलाही वापर की. आज पाचदा बोललो. त्याआधी कधी, आठवतंय?"

त्याला आठवेना. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, फोन काही वाजला नाही. मग त्यानेच नंबर फिरवला.

"आई, पार्सल नाहीये. मीच आहे."