स्ट्रॉबेरीचं उद्घाटन

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या एका क्वार्टरच्या अंगणात माघ महिन्यात एक स्ट्रॉबेरी पिकली. घटना साधी होती. पण क्वार्टर बाबारावांचं होतं, आणि बाबारावांची हयात पोलादाच्या प्लांटमधल्या एका खात्यात कारकुनी करण्यात गेली होती. त्या खात्यात नवा पंखा आला तरी फीत कापल्याशिवाय कुणी त्याची हवा घेत नसे.

जागा वाचावी म्हणून बाबारावांनी रंगाच्या रिकाम्या ड्रमला चहूबाजूंनी भोकं पाडली, तो विटांवर उभा केला आणि भोकाभोकांत रोपं खोचली. हे काम एका रविवारचं. मग थंडीभर रोज पाणी घातलं ते त्यांच्या बायकोनं, विजयाबाईंनी. त्यांनी आजवर स्ट्रॉबेरी पाहिली होती ती आइस्क्रीमच्या डब्यावरच. पहिली आपण खायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

“पिकली जी. तोडू का?”

“उद्घाटनाशिवाय? लोक काय म्हणतीन?”

“खाची वस्तू आहे. तिले उद्घाटन कावून लागते?”

नियम न जाणणाऱ्यांशी बाबाराव वाद घालत नसत. त्यांनी ड्रमवर ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली आणि खात्याच्या दौलतराव साहेबांना निमंत्रण दिलं. साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या खालच्या ग्रेडच्या साहेबांना बोलवावं, तर वरचे दुखावणार. तेव्हा स्ट्रॉबेरीनं थांबावं असं ठरलं. शेजारीपाजारी येऊन तिला लांबून बघून जात. ती मात्र दिवसेंदिवस मऊ पडत चालली, आणि विजयाबाईंचा जीव तुटत होता.

शेवटी साहेब परतले आणि कार्यक्रमाचा दिवस ठरला. आदल्या दुपारी विजयाबाईंनी पाटी बाजूला सरकवली आणि स्ट्रॉबेरी खाऊन टाकली. जराशी आंबट होती. त्यांना फार आवडली.

“अवो, स्ट्रॉबेरी कुठं गेली?” सकाळी बाबाराव ड्रमभोवती फेऱ्या मारू लागले.

“साळुंकी बसून होती काल ड्रमवर.”

बाबारावांनी स्कूटर काढली, बाजारातून स्ट्रॉबेरीचा डबा आणला आणि त्यातली एक हाराच्या दोऱ्यानं देठाला बांधली. गाठ त्यांनी सरकारी मारली होती.

साहेब आले. नारळ फुटला, प्लांटच्या रिवाजाप्रमाणे सुरक्षेची शपथ झाली. साहेबांनी स्ट्रॉबेरी ओढली, दोरा तुटेना. जोर लावला तसं अख्खं रोपच मुळासकट हातात आलं. टाळ्या पडल्या.

“मुळं मजबूत आहेत,” साहेब म्हणाले. मग स्ट्रॉबेरी चावून डोळे मिटले. “बाजारातल्या मालाले ही चव येत नाही, बाबाराव. घरचं ते घरचंच.”

साळुंकीचा उपद्रव कानावर येताच साहेबांनी तिथल्या तिथे ड्रमला जाळी आणि कुलूप मंजूर केलं. किल्ली ग्रेडप्रमाणे साहेबांकडे गेली. पाणी घालायला मनाई नव्हती. विजयाबाई जाळीतून घालतात. आत आणखी पाच लाल झाल्या आहेत.

समारंभाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडला. त्यात दोरा चांगला हातभर लोंबताना दिसतो. तरी खाली सगळ्यांनी अंगठे दिले, विजयाबाईंनीसुद्धा दिला. हसू नका. तो फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता, आणि दोरा तुम्हालाही दिसला होता.