ठळकरावांची जाड अक्षरांची मोहीम

समस्त नोकरदार, बेकार आणि रजेवर असलेल्या मंडळींस मालूम व्हावें कीं, राजमान्य राजश्री ठळकराव यांनीं जेवणाच्या मेजावरून जी मोहीम चालविली, तिची साद्यंत हकीकत येथें लिहिली असे. लिहिणारा आणि ठळकराव एकाच खुर्चीवर बसतात, सबब मजकुरांत स्तुति आढळल्यास ती वजा करोन वाचावी. निंदा आढळेल ती मात्र खरी समजावी.

ठळकराव हे पिढीजाद सरदार नव्हेत. कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका खोक्यांतून येते आणि जी कोणी उघडीत नाहीं, तिचीं पानें संगणकावर जुळवणें हा त्यांचा पेशा. ओल्या हातानें बटण दाबूं नये, हें वाक्य जाड ठशांत बसवावें, ही हयातभरची कामगिरी. आणि जाड अक्षरांचा शौक एवढा कीं कचेरींत त्यांस ठळकराव हा किताब मिळाला, आणि तो त्यांनीं बहुमान समजोन घेतला. मग कंपनीच्या हुजुरांतून फर्मान सुटलें कीं, पुस्तिका बंद, ग्राहकांनीं यापुढें व्हिडिओ पाहावा. आणि ठळकरावांची मनसब खालसा जाहली. त्यांनीं चार्जर, चहाचा मग आणि मरूं घातलेली एक कुंडी संगतीं घेऊन घराकडे कूच केलें.

घरीं राणीसाहेब, म्हणजे दातांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या वेळा लावणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती. त्यांस वर्दी दिली ती ऐशी कीं, आम्ही सध्यां नव्या संधींच्या शोधांत आहों. शेजाऱ्यांस कळविलें, घरून काम चाललें आहे. नोकरी गेली, हे दोन शब्द कांहीं केल्या मुखांतून निघेनात. स्वारी वाघासारखी, परंतु या दोन शब्दांपुढें शेळी जाहली. राणीसाहेब समजोन चुकल्या, आणि दुसरे दिवशीं त्यांनीं डबा एकच भरिला.

आतां नोकरदारांचा एक विशाल दरबार इंटरनेटावर भरतो. तेथें जो तो आपली बढती जाहीर करितो, आणि मग आपण किती नम्र आहों हेंही जाहीर करितो. मेहुणेसाहेब त्या दरबारींचे मातबर असामी. सकाळच्या चहांत कपबशीनें काय शिकविलें, हें ते रोज दुपारीं तेथें लिहितात आणि शेंकडो लोक माना डोलावितात. त्यांचा हुकूम आला तो असा: “दाजी, साधं लिहू नका, कोणी ढुंकून बघत नाही. महत्त्वाचं सगळं बोल्ड करा. ओळींत जागा सोडा. आणि शेवटी एक रॉकेटचं चित्र टाका.”

बोल्ड हा शब्द ऐकतांच ठळकरावांच्या अंगीं वीरश्री संचारली. हें तर आपलें घरचें मैदान, ऐसें मनीं आणोन स्वारी मेजावर आरूढ जाहली. आणि पाहते तों काय, दरबारांत जाड अक्षराचें बटणच नाहीं! वर धुंडिलें, खालीं धुंडिलें, तीन टिंबांच्या आड धुंडिलें. मग वर्डच्या फाइलींत मजकूर जाड करोन आणिला आणि येथें चिकटविला, तों वेशीवरच त्याची हत्यारें काढून घेण्यांत आलीं आणि तो रोडका होऊन आंत आला. ओळींमध्यें सोडलेल्या मोकळ्या जागा दरबारानें गिळिल्या. मग शोध करितां एक परकी टाकसाळ सांपडली, एक वेबसाइट, जेथें साधें अक्षर टाकावें आणि जाड अक्षर घ्यावें. मराठी अक्षरें पाठविलीं, तीं जशीं गेलीं तशींच परतलीं. अंगावर तोळाभर मांस चढलें नाहीं. इंग्रजी अक्षरें मात्र गुबगुबीत होऊन आलीं. तेव्हां मसलत ठरली कीं, मजकूर मराठींत ठेवावा, आणि वजनदार शब्द तेवढे इंग्रजींत घालोन जाड करावे. त्याप्रमाणें पेशा जाड केला, अनुभव जाड केला, आणि काय पाहिजे तेंही जाड केलें.

राणीसाहेब दवाखान्यांतून परतल्या, तों स्वारी रॉकेटाची जागा बदलीत होती.

“जेवलास का?”

“थांब गं, ही ओळ सारखी खाली जातेय.”

राणीसाहेब आंतल्या खोलींत गेल्या, आणि ठळकरावांनीं खलिता दरबारांत सोडिला. मग वाट पाहिली. मेहुणेसाहेबांचा एक अंगठा आला, बाकी सामसूम. आणि इतक्यांत फोन वाजला, तो थोरल्या बाईंचा.

थोरल्या बाई म्हणजे पुस्तिका खात्याच्या माजी प्रमुख. ठळकरावांस पान जुळवावयास त्यांनींच शिकविलें. पुढें त्यांची दृष्टि गेली, तेव्हांपासोन दरबारचा मजकूर त्यांस फोन वाचून दाखवितो.

“काय रे, बरा आहेस ना?”

“हो बाई. का?”

“अरे, तुझं लिहिलेलं फोनने वाचलं. ‘नमस्कार. मी अनेक वर्षे, केले. माझ्याकडे, आहे. आता मला, हवा आहे. रॉकेट.’ मी म्हटलं, याला झटका-बिटका आला की काय!”

घडलें तें ऐसें: टाकसाळींतील तीं अक्षरें अक्षरेंच नव्हेत, गणिताचीं चिन्हें अक्षरांचा वेष घेऊन आलेलीं. बाईंच्या फोनानें त्यांस ओळख दिली नाहीं आणि वगळून पुढें गेला. जें जें महत्त्वाचें, तें तें स्वारीनें स्वहस्तें बुडविलें होतें. ठळकरावांनीं टाकसाळीचा, वेशीचा आणि गिळलेल्या जागांचा सर्व वृत्तांत मोठ्या तपशिलानें निवेदन केला, आणि बाईंनीं तो ऐकून घेतला.

“ते राहू दे. तुला म्हणायचं काय होतं?”

“बाई, सध्या मी जरा नव्या...”

“नीट सांग रे.”

तेव्हां ठळकरावांस पळावयास वाट राहिली नाहीं. मग ते म्हणाले, “बाई, माझी नोकरी गेली. मला काम हवंय.”

“मग एवढंच लिहायचंस की! सोमवारी ये. औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या छापतात त्यांच्याकडे मी सल्ला द्यायला जाते. शब्द टाकीन, पण काम बघूनच ठरवतील हं. आणि तिथे अक्षर मुंगीएवढं. जाड करायला जागा नाही.”

“चालेल बाई. पळेल.”

फोन ठेविला, तों राणीसाहेब दारांत उभ्या. त्यांनीं ऐकिलें होतें.

“मला कधी सांगणार होतास?”

वीरांचे डोळे भरून आले हें लिहावयाचा रिवाज नाहीं, परंतु आले. राणीसाहेब खुर्ची ओढून शेजारीं बसल्या आणि आज्ञा जाहली कीं, तें उघड, आपण दोघें लिहूं. जुना मजकूर बरखास्त केला. नवा लिहिला तो येणेंप्रमाणें: माझी नोकरी गेली आहे. पुस्तिकांची पानं जुळवतो. काम असेल तर कळवा. शेवटचें बटण राणीसाहेबांनीं दाबिलें.

सोमवारीं ठळकराव इस्त्रीचा सदरा घालोन छापखान्याच्या फाटकीं दाखल जाहले. पहारेकऱ्यानें अडवून पुसिलें, कोणाकडे, काय काम. पाठीमागें माणसांची रांग, पुढें वही, आणि स्वारीनें रांगेस ऐकूं जाईल ऐशा आवाजांत सांगितलें, “काम मागायला आलोय.” पहारेकऱ्यानें फाटक उघडिलें. या मोहिमेंत धारातीर्थीं पडला तो एक स्वारीचा रुबाब, आणि तोही मुळांत फारसा नव्हता. आंत काय ठरलें तें कागदावर यावयाचें आहे. तथापि फत्ते फाटकावरच जाहली, ती येथें दाखल केली असे.