डबाभर समुद्र

प्रसेनजितनं दूध बंद केलं आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. दुसऱ्या एखाद्या गावात कुणी दूध बंद केलं तर शेजारी ढुंकूनही बघणार नाहीत. पण हे पडलं भूम. इथं गल्लीच्या तोंडाशी खव्याची भट्टी, आणि पाहुण्याला पाणी एक वेळ जपून मिळेल पण चहा दुधाचाच मिळणार. अशा गावात गवळी एखाद्या दाराशी न थांबता पुढं गेला की त्या घरात काहीतरी झालंय, हे कुणालाही कळतं. समोरच्या सारजाबाईंना तर ते गवळ्याच्याही आधी कळलं असावं.

झालं काहीच नव्हतं. प्रसेनजितला लेकीला समुद्र दाखवायचा होता, आणि त्यासाठी तो पैसे मागं टाकत होता.

त्याची बायको प्रीती गेल्यापासून घरात तो आणि उत्पला, दोघंच. तो एका खासगी हायस्कुलात कारकून. पगार असा की महिना संपायच्या आत तोच संपायचा. प्रीतीला समुद्राचं वेड होतं, तेही तो कधी न बघता. गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं यायचं. घागरींच्या रांगेत उभी राहून ती म्हणायची, "एकदा असं पाणी बघायचंय, जिथं नंबर लावावा लागत न्हाय." गुहागरला जायचं ठरलंही होतं. प्रसेनजितनं हौसेनं गल्लीभर सांगितलं, शाळेत सांगितलं, ईट गावी थोरल्या बहिणीला फोन करून सांगितलं. मग प्रीती आजारी पडली, आणि पुढचं कशाला सांगायचं. आपण आधी बोलून बसलो म्हणून ते हुकलं, असं तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं. शिकलेला माणूस, नजरबिजर असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण या एका बाबतीत त्याचा धीर होत नव्हता. टीव्हीवर समुद्र दिसला की तो मुकाट्यानं उठून चॅनल बदलायचा.

यंदा उत्पलाची चौथी संपत आली आणि एक दिवस जेवताना तिनं विचारलं, "पप्पा, आईचा समुद्र आपून बघायचा का?"

तो घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, बघायचा, पण कुणाला सांगायचं नाही. न सांगण्याचं दुसरंही एक कारण होतं, आणि ते अगदी व्यवहारातलं होतं. या गल्लीतून दोन माणसं कुठं फिरायला निघाली आणि जीप गच्च भरल्याशिवाय गेली, असं आजवर घडलेलं नाही.

तर दूध बंद झालं. मग टीव्हीचा रिचार्ज संपला तो संपूच दिला. मोटारसायकल पोत्याखाली झाकून ठेवली आणि साहेब पायी शाळेला निघाले. गॅस पुरावा म्हणून परसात तीन विटांची चूल मांडली. रविवारचं मटण गेलं, त्या जागी सोयाबीनच्या वड्या आल्या. उत्पला त्यांना रबर म्हणायची, पण समुद्रासाठी चावायची. वाचलेला पैसा साखरेच्या रिकाम्या डब्यात जाऊ लागला. डबा रिकामाच होता, कारण साखरही कमी केली होती.

इकडं गल्लीनं हिशेब मांडला. दूध बंद, गाडी बंद, टीव्ही बंद, परसात धूर. नोकरी गेली, दुसरं काय? मग रोज डबा घेऊन जातो कुठं? तर सारजाबाईंचं म्हणणं, जात असेल बिचारा कुठंतरी झाडाखाली बसायला. लेकीला कळू नये म्हणून. झाडही त्यांनी नक्की केलं, बाजारतळाजवळचं लिंबाचं. भट्टीवाल्या मुनवरभाईंनी त्याला शाळेच्या फाटकातून आत जाताना स्वतः बघितलं होतं, पण ते बोलले नाहीत. सारजाबाईंचं बोलणं चालू असताना कुणीच बोलत नाही.

त्या संध्याकाळी सारजाबाई भाजल्या धान्याच्या तिखट येसराच्या आमटीचं भगुलं घेऊन आल्या. लई झाली होती म्हणून आणली, एवढंच म्हणाल्या. बापलेक चाटूनपुसून जेवले. इथवर सगळं झकास होतं. घोळ पुढं झाला. कारण शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे आपल्याकडं पोराला चालायला येण्याआधी शिकवतात. चिमूटभर साखर तरी घालायची. पण येसराच्या आमटीला चिमूटभर साखर? प्रसेनजितला ते बरं दिसेना. त्यानं शेंगदाणे आणले, गूळ आणला आणि भगुलंभर लाडू वळून दिले. लाडू वळायची त्याची पहिलीच वेळ. सारजाबाईंना एक लाडू बत्त्यानं फोडावा लागला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोटाला चिमटा घेतोय, पन भगुलं भरून देतोय," त्यांनी गल्लीला सांगितलं. "लई मानी मानूस."

मानी माणसाला मदत कशी करायची, तर न बोलता. त्यामुळं आता सगळीकडून न बोलता भांडी येऊ लागली. मुनवरभाईंच्या घरून नूरुन्निसा भाभींनी खव्याच्या पोळ्या पाठवल्या. पलीकडून पिठलं आलं, अलीकडून भरली वांगी. आणि जितकं चांगलं यायचं तितकंच चांगलं परत जायला हवं. खव्याच्या पोळीच्या ताटलीत पोहे घालून देणार का? त्यानं बदाम घातलेला शिरा केला. त्यासाठी दूध आणलं, साखर आणली, तूप आणलं, आणि चुलीवर शिरा करपतो म्हणून गॅस पेटवला. साखरेच्या डब्यात गेलेला पैसा आला त्याच वाटेनं दुकानात जाऊ लागला. आणि तो जितकं भरून देई, तितका गल्लीचा जीव जास्तच तुटे, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं भांडं येई. उत्पला मात्र खूश होती. गरिबीत एवढं चांगलं खायला मिळतं हे तिला माहीतच नव्हतं.

तशात कुणीतरी ईटला फोन केला. कुणी केला ते सारजाबाई अजून सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्याची आक्का, मथुराबाई, ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ आणि एक जिवंत कोंबडी घेऊन उतरली. भावाकडं तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य काढलं, "किती वाळलास रं."

पायी चालून तो वाळला होता, हे खरं. पण ते का, हे सांगायची सोय नव्हती. आक्कानं राज्य हातात घेतलं. बिनदुधाचा चहा तिनं एकदा तोंडाला लावला आणि दाराशी जाऊन गवळ्याला हाक मारली. चुलीचा धूर तिला सोसेना म्हणून गॅस सुरू झाला. ईटच्या आक्का आल्यात म्हणून गल्ली भेटायला येऊ लागली, आणि आलेल्याला चहा हवाच. कोंबडी कापायला कुणाचा जीव होईना, म्हणून तिलाही दाणे सुरू झाले. प्रसेनजित संध्याकाळी साखरेचा डबा हलवून बघायचा. आधी तो खुळखुळायचा, मग त्याचा आवाजच येईना. अंथरुणावर पडल्या पडल्या उत्पला विचारायची, "पप्पा, जायचं ना?" आणि तो "व्हय" म्हणून कूस बदलायचा. आपलं दुसऱ्यांदा हुकणार, हे त्याला दिसत होतं.

आणि मग मिठाचं प्रकरण झालं.

नळ येऊन गेला होता. आक्कानं भरलेल्या बादल्या परसात झाकून ठेवल्या होत्या. सारजाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात दोघींना दिसलं की उत्पला एका बादलीत मूठमूठ मीठ टाकतेय, हातानं ढवळतेय आणि ओंजळीनं ते पाणी पितेय. पिऊन तोंड वेडंवाकडं करतेय आणि परत पितेय.

आठवड्याचं पाणी! आक्काची बोबडी वळली. सारजाबाईंचं निदान तयार होतं: पोर भुकेनं बिथरली. तोवर शाळेतून प्रसेनजित आला, भट्टीवरून नूरुन्निसा भाभी धावत आल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध ओल्या फ्रॉकात उभी असलेली उत्पला हमसून रडायला लागली.

"समुद्र खारट असतो म्हनून म्या सवय करत व्हते," ती म्हणाली. "आपून आईच्या समुद्राला जानार ना, तिथं तोंडात पानी गेलं तर म्या घाबरू नये म्हनून. पन आपला डबा रिकामा झालाय. म्या बघितला."

मग काय, सगळंच बाहेर आलं. दूध का बंद केलं, गाडी का झाकली, सोयाबीन का आणलं. नोकरी शाबूत आहे, हेही निघालं. सारजाबाईंना त्या लिंबाच्या झाडाचं जरा वाईट वाटलेलं दिसलं.

"मला का न्हाय सांगितलंस?" आक्कानं विचारलं.

"प्रीतीच्या येळेला सगळ्यांला सांगितलं व्हतं, आक्का," प्रसेनजित म्हणाला. "तवा ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. ह्या येळी मला भ्या वाटत व्हतं."

हे तो पहिल्यांदाच कुणापुढं बोलला. आक्का त्याच्या जवळ जाऊन बसली. तिला बोलायचं होतं बरंच काही, पण विचारलं भलतंच. "समुद्राचा दुसरा काठ दिसतच न्हाय म्हनं. खरं हाय का?"

खरं असावं, तो म्हणाला, त्यानंही कुठं बघितला होता. मग सारजाबाईंनी विचारलं की तो खरंच इतका खारट असतो का. नूरुन्निसा भाभी म्हणाल्या, त्यांचे अब्बा हजला गेले होते ते विमानानं, खाली समुद्र होता म्हणे, पण त्यांना झोप लागली. एवढ्या माणसांत समुद्र बघितलेलं एकही नव्हतं, हे त्या दिवशी सगळ्यांना एकदमच कळलं.

शेवटी निकाल सारजाबाईंनी दिला. "भांडी यायची ती येतील. पन आजपासनं भरून द्यायचं न्हाय."

"काकू, रिकामं भांडं कसं देऊ?"

"मग देऊच नगंस. ठिवून घे. समुद्रावर गेलास का तिथनं भरून आन."

झालं. पुढचे दिवस त्या घरात एक फोडणी पडली नाही. भांडी यायची, रिकामी व्हायची आणि फळीवर चढायची. मात्र भगुल्यात समुद्र आणायचा कसा, हा प्रश्न लवकरच ध्यानात आला आणि लोकांनी जेवण झाकणाच्या कडीच्या डब्यांतून पाठवायला सुरुवात केली. साखरेचा डबा परत खुळखुळू लागला. त्यानं आक्काला चल म्हणून लई विनवलं. आक्कानं कोंबडीकडं बघितलं, पाण्याच्या ड्रमकडं बघितलं आणि म्हणाली, "नळ येईल त्या दिवशी पानी कोन भरनार?" या घरातली बाई समुद्राला जायची राहतेच, आणि आता तर ती नळाच्या पाण्यासाठी, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याला फार लागलं.

मे महिन्यात बापलेक निघाले. हातात कपड्यांची एक पिशवी आणि खांद्यावर डब्यांचं पोतं. पोतं खड्ड्याखड्ड्याला खणखणायचं. बार्शीच्या पुढं कंडक्टरनं त्याला भांडी विकणारा समजून सामानाचं तिकीट फाडलं.

समुद्र दिसला तेव्हा उत्पलानं आधी चप्पल काढली. चप्पल हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, इथं रांगच न्हाय." प्रसेनजितला रडू आलं. त्यानं ते येऊ दिलं.

परत निघायच्या दिवशी दोघांनी डबे भरायला काढले. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं. उत्पला मोठ्यानं वाचायची आणि तो भरायचा. सारजाबाई भरली, नूरुन्निसा भरली, आक्काचाही डबा भरला. पोत्याच्या तळाशी एक डबा उरला. तो त्यानं घेतलेला नव्हता. त्याच्यावर लग्नात कोरून घेतलेलं नाव होतं, प्रीती प्रसेनजित.

"आईचाबी लई दिवस रिकामाच ठिवलाय आपून," उत्पला म्हणाली.

तो डबा भरायला तो गुडघाभर आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही.

परतीला कंडक्टर दुसरा होता. त्यानं पोत्याला पाय लावून विचारलं, काय आहे? प्रसेनजित म्हणाला, समुद्र. कंडक्टरनं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि या वेळी तिकीट काही फाडलं नाही.

गल्ली वाटच बघत होती. डबे नावानं वाटले गेले. सारजाबाईंनी तिथल्या तिथं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं आणि थोडा विचार केला.

"मीठ जरा जास्त पडलंय," त्या म्हणाल्या. पण डबा आत नेऊन दुधाच्या कपाटात ठेवला.

आक्कानं आपला डबा मांडीवर घेतला. झाकण काढून ती बराच वेळ आत बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "ह्याचा तर दुसरा काठ दिसतोय की रं."

सगळे हसले. प्रसेनजितही हसला, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सकाळी गवळ्याची सायकल दाराशी थांबली. आता सगळं सुरळीत झालं म्हणून गवळी मापं सरसावून उभा होता. प्रसेनजितनं उंबऱ्यातूनच हात हलवला. आजपासून दूध बंद, म्हणाला, आक्काला समुद्र दाखवायचाय.

गवळ्यानं कपाळाला हात लावला आणि सायकल समोरच्या दाराकडं वळवली. तिथं ओट्यावर सारजाबाई बसल्या होत्या, आणि त्यांचं दुधाचं भगुलं शेजारी पालथं घातलेलं होतं.