काँगो मिटेपर्यंत बिनसाखरेचा

काँगोत लढाई पेटली आणि लोणावळ्यात सदूभाऊंनी चहातली साखर सोडली.

साठ सालची गोष्ट. स्टेशनबाहेरच्या रखमामावशींच्या टपरीवर मी रोजच्यासारखं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतो. काँगो नावाचा आफ्रिकेतला देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि होतो न होतो तोच आपसात भांडायला लागला होता. कटांगा नावाच्या त्याच्याच एका प्रांताने वेगळी चूल मांडली होती. सदूभाऊंनी तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली.

"म्हंजे भाऊ-भाऊच का, मास्तर?"

"तसंच म्हणायचं."

"मग मधी कोन?"

"अजून तरी कोणी नाही."

"मावशी," सदूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "ह्यांचं मिटस्तवर माझ्या चहात साखर घालू नका."

"काँगो आलं कुटं?" मावशींनी विचारलं. "कर्जतच्या खाली?"

"लय खाली."

"मग त्यांना कळनार कसं, तुमी साखर सोडली ते?"

सदूभाऊंनी दुसरा कप मागितला. बिनसाखरेचा चहा मात्र तोंड वाकडं करून संपवला.

सदूभाऊ रेल्वेत सांधेवाले होते. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. गाडी वर लोणावळ्याला आली की ते इंजिन सोडून द्यायचं, हे काम सदूभाऊंचं. जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांना ह्या बँकरात सापडत. मुलगा नापास झाला? मागून बँकर लावा. सून रुसली? बँकर लावा. मावशींच्या शेगडीने पेट घेतला नाही तरी ते तिच्याकडे बघून म्हणत, "हिला मागनं कोनतरी रेटाय पायजे."

दुसरा त्यांचा ठरलेला शब्द म्हणजे "मधी कोन?" कुठेही दोन आवाज चढले की सदूभाऊ तिकडे निघाले. नळावरच्या बायकांत ते शिरले, तेव्हा दोघींनी मिळून त्यांच्यावर एकेक कळशी रिकामी केली. ते ओलेत्याने टपरीवर आले आणि म्हणाले, "पर एक झाल्या का न्हाई?" एकदा दोन कुत्र्यांच्या मध्ये गेले आणि पोटात चौदा सुया घेऊन आले. तरी म्हणे, "चूक कुत्र्याची न्हाई. मी उजव्या बाजूनं शिरायला पायजे हुतं."

असा हा माणूस स्वतःच्या भावाशी चार वर्षं बोलत नव्हता.

भाऊ धाकटा. धोंडू. तो औंढ्यात, त्यांच्या गावी, जमीन बघायचा. वाटणी झाली तेव्हा खाचरं नीट वाटली गेली, पण बांधावरचा फणस कोणाचा ह्यावर दोघे अडले, आणि तेव्हापासून अबोला. आई धोंडूकडे राहायची. सदूभाऊ सणावारी तिला भेटायला जायचे ते ओट्याशी उभे राहून, उंबरा न ओलांडता. गावची रीत अशी, की अबोला धरलेल्या भावांपैकी जो आपण होऊन दुसऱ्याच्या घरात जाईल तो हरला. मिटवायचं तर तिसऱ्याने मिटवायचं. त्याने एकाच्या चुलीवरचा चहा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की झालं. मात्र तो तिसरा भावकीतला नको, गावचाही नको. त्रयस्थ हवा.

मी मूळचा पुण्याचा. औंढ्यात माझं कोणी नाही. ही रीत मावशींनी मला केव्हाच सांगितली होती, आणि सांगताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंही होतं. मी वर्तमानपत्राची घडी घातली होती.

तेव्हा मी काँगोवर वाद घालण्यात गुंतलो होतो. परक्या फौजा तिथे जाव्यात की जाऊ नयेत, हा विषय आम्हा दोघांना अडीच वर्षं पुरला. आपलेही जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून तिकडे गेले, तेव्हा तर सदूभाऊंनी टपरीवर सगळ्यांना भजी दिली.

"जाऊ नये," मी म्हणायचो. "त्यांच्या घरचा मामला आहे. बाहेरच्याने पडू नये."

"घरचा हाय म्हनूनच तर बाहेरचा लागतो! घरात समदे एकेका बाजूचे. बँकर कुटला असतो? कर्जतचा. गाडी कदी म्हनली का, तू माज्या घरचा न्हाईस?"

"आणि बँकर वर येऊन सुटलाच नाही तर? इंग्रज दीडशे वर्षं सुटला नव्हता."

सदूभाऊ डोकं खाजवायचे. "ते सोडनाऱ्याचं काम हाय. माज्यासारखा ठेवायचा एक."

"पण त्यांनी बोलावल्याशिवाय जायचंच कशाला?"

"आवो मास्तर," ते एकदा अगदी हळू म्हणाले, "भांडनारा मानूस बोलवतो व्हय? त्याला लाज वाटती. त्यो नुसता वाट बगतो."

मी ह्यावर सार्वभौमत्व ह्या विषयावर बोललो. चांगलं बोललो असेन, कारण पलीकडच्या बाकावरच्या दोन टांगेवाल्यांनी माना डोलावल्या.

मग त्यांची आई गेली. मी औंढ्याला गेलो होतो. दोघे भाऊ सरणाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि मी पायाकडे, मधोमध. दहा पावलांवर एक, दहा पावलांवर दुसरा. एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि परतीची वाट धरली. चौथ्या दिवशी सदूभाऊ टपरीवर आले, भादरलेलं डोकं टोपीत झाकून. खालच्या मानेने त्यांनी विचारलं, "मास्तर, आता तरी सांगा. बाहेरच्या मानसानं मधी पडावं का?"

मला वाटलं, काँगोचंच चाललंय. मला वाटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे मला कळलं होतं. मला भीती वाटली. दुसऱ्याच्या घरात शिरायचं, धोंडूने हाकलून दिलं तर काय, पोरं शाळेत हसतील. मी म्हणालो, "माझं मत बदललेलं नाही, सदूभाऊ."

"बरं," ते म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा प्यायले.

पुढे थंडीत एक दिवस बातमी आली. कटांगाचा प्रांत परत काँगोत आला, वेगळी चूल मोडली. मी ती दोनदा वाचली. टांगेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी कपात चांगले तीन चमचे साखर घातली आणि कप सदूभाऊंपुढे ठेवला.

"घ्या. मिटलं तुमच्या भावांचं."

सदूभाऊंनी कपाकडे पाहिलं. दोन बोटांनी तो सावकाश माझ्याकडे सरकवला.

"तुमीच प्या, मास्तर. तुमी जिकला न्हाई, मी जिकलो, तरी तुमीच प्या." मग उठता उठता म्हणाले, "माजं अजून एक ऱ्हायलंय."

ते गेले. मी तो चहा प्यायलो. 

"बसला का अजून?" मावशी शेगडी फुंकत म्हणाल्या. "पेपर हितंच ठेवा. जावा."

लोणावळ्याहून औंढं म्हणजे पायी पाऊण तास. धोंडू खळ्यात पेंढा रचत होता. मी वाटेत भाषण तयार केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मी सदूभाऊंकडून... म्हणजे त्यांनी पाठवलं नाही. मीच आलोय."

धोंडूने हातातली पेंढी खाली टाकली. घराकडे वळून तो ओरडला, "च्या टाक गं! दादाला लागतो तसा, लय गोड." मग मला म्हणाला, "आईच्या वक्ताला वाटलं हुतं, तुमी बोलाल. मधीच तर हुता उभे."

मी "हो" म्हणालो. तो गोड चहा मीच प्यायलो, आणि रविवारी सदूभाऊंना आणायचं ठरलं.

सदूभाऊंना मी रविवारी घेऊन गेलो. ते उंबऱ्याबाहेर थांबले. धोंडूच्या बायकोने चुलीवरचा चहा माझ्या हातात दिला, तो मी सदूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि उंबरा ओलांडून आत आले.

"साखर लय पडली," ते म्हणाले.

"अडीच वर्साची हाय," धोंडू म्हणाला. "टपरीवरची बित्तंबातमी हितं बी येती."

तिघेही फणसाखाली जाऊन बसलो. मी मध्ये. मला वाटलं, आता दोन शब्द बोलावेत. मी घसा साफ केला, तेवढ्यात सदूभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, गाडी वर आली. बँकर सुटला."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी निगा आता. आमाला दोगांना जरा भांडायचंय."

मी उठलो. बांधावरून वीस पावलं गेलो असेन, तोवर मागे फणसावरून आवाज चढलेच. मोठ्याने, दोघेही एकदम, सात गावांना ऐकू जातील असे. मध्ये कोणीच नव्हतं.