टिटवीच्या गाठीची हकीकत

श्री. आधी खुंटी, मग दोर, मग तंबू, या न्याये आधी श्रीगजाननास, मग शारदेस, मग ज्या थोरांनी उघड्या माळावर प्रथम राहुटी ठोकिली त्यांस वंदन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी, बालवीर आणि वीरबाला यांच्या तंबूंच्या दौलतीस पाऊणशे वर्षे पुरी जाहली. तेव्हा दौलतीचे मुख्य राजश्री श्रीनिवासपंत खांबेटे, जे पूर्वी शाळेचे हेडमास्तर होते, यांणी विचार केला की, जुनी माणसे एकेक करोन चालिली, वह्या वाळवीने खादल्या, आता इतिहास न लिहावा तर पुढे सांगेल कोण? मग पेट्या उघडिल्या, आणि फाटकी निशाणे निघाली, आणि न वाजणारा बिगूल निघाला, आणि काचेच्या डबीत जपोन ठेविलेली दोराची एक गाठ निघाली. तीच मुलखी विख्यात टिटवीची गाठ.

तिची कीर्ती ऐसी की, शके १८७९, हेमलंबी नाम संवत्सरे, वैशाखमासी, नदीकाठी वीरबालांचा नऊ दिवसांचा तळ पडला असता वळवाचा वारा सुटला, आणि एकवीस तंबू उडोन नदीत गेले, आणि एक तंबू जागचा हलला नाही. त्यात सगळ्यांत धाकट्या मुली होत्या, त्या सुखरूप राहिल्या. तो तंबू टिटवीने बांधिला होता. गाठ कोणास सुटेना, म्हणोन दोर कापोन ती आणिली. तळाची चाल ऐसी होती की, वेशीवर घरचे नाव सोडावे आणि पाखराचे घ्यावे, आणि जो कोणी घरच्या नावे हाक मारील त्याने सर्वांची पातेली घासावी. त्यामुळे रोजनिशीत टिटवी, खंड्या, भारद्वाज एवढेच. यादीत मात्र टिटवीपुढे गोपिका धावले ऐसे नाव होते, आणि गोपिकाबाई ऐंशीच्या घरात पोहोचोन गावातच नांदत होत्या.

मग पंत त्यांजकडे जाऊन बोलिले, "बाई, पुस्तकात चित्र घालायचं आहे. पौर्णिमेच्या सभेत गाठ बांधून दाखवा."

बाई बोलिल्या, "हात दुखतो हो."

पंत बोलिले, "मी दहा वर्षांचा असताना विचारलं होतं, तेव्हाही दुखतच होता."

आता गुह्य ते ऐसे. गोपिकाबाई त्या तळावर गेल्याच नव्हत्या. निघावयाच्या आदल्या दिवशी गोवर निघाला, आणि जागा फुकट जाईल म्हणोन त्यांची मैत्रीण चंद्रभागा, जिचे घर म्हशी राखीत असे आणि जी शाळेत नव्हती, ती गोपिकेचा फ्रॉक घालोन गेली. मग कीर्ती यादीच्या नावे घरी आली, आणि वडिलांनी पेढे वाटिले, आणि बारा वर्षांच्या पोरीचे तोंड उघडले नाही. तळावरील एक जण पुढे म्हणालीही, "तेव्हा काळी होतीस गं." त्यास गोपिका बोलिली, "गोवराने उजळले." परंतु कुतूहल काही निजेना. तळावरील कोणी भेटली की बाई हळूच विचारीत, "मग मी काय केलं?" लोकांस वाटे, केवढा हा विनय. एकीने सांगितले, तू वाऱ्यात गात होतीस, आणि दुजीने सांगितले, तू मुळी घाबरलीच नाहीस, आणि बाई ते सारे पाखराने दाणे वेचावे तैसे वेचीत. चंद्रभागेचे ठिकाण ठाऊक होते, दाखवावयास तोंड नव्हते. आता पौर्णिमा चार दिवसांवर आली, तेव्हा बाई एसटीत बसोन तिच्या गावास गेल्या.

चंद्रभागाबाई गोठ्यात पेंड कालवीत होती. विचारिले, "कोण गं?"

"मी. टिटवी."

तीही न दचकता बोलिली, "टिटवी तर मी. तू गोवर."

मग दोघी घमेल्याशी बसल्या आणि गोपिकाबाईंनी गाठ विचारिली. चंद्रभागाबाई म्हणाली, "तळावर शिकवणाऱ्या बाईंची गाठ मला येईना. तीनदा शिकवली, तीनदा सुटली. मग म्हटलं, आपण म्हैस बांधतो तशी बांधावी. जेवढं ओढाल तेवढी आवळते."

"कोणाला सुटली नाही म्हणे."

"शेपटाकडून ढकलायची असते. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि वाऱ्यात गात होतीस?"

"रडत होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच. त्या बारक्या पोरी मला गप्प करत होत्या. लांबून गाणं वाटलं असेल."

गोपिकाबाई हसता हसता थांबल्या आणि बोलिल्या, "चंद्रे, आबांनी माझ्या नावानं पेढे वाटले."

"ठाऊक आहे. आमच्याकडेही एक आला होता. चांगला होता. पण नंतर तू गोठ्याकडे फिरकली नाहीस, ते लागलं."

 यावर गोपिकाबाईंनी घमेले पुढे ओढोन पेंड कालविली.

पौर्णिमेस दोघी सभेत आल्या. चंद्रभागाबाईने डबी उघडिली आणि सदुसष्ट वर्षांची गाठ दोन बोटांनी ढकलोन सोडिली. पंत कासावीस होऊन बोलिले, "अहो, ती ऐतिहासिक होती." ती बोलिली, "दुसरी देते बांधून," आणि दिली. मग गोपिकाबाईंनी उभे राहोन सर्व खरे सांगितले. पंतांनी त्यांस बाजूस नेऊन विनविले, "यादीत नाव तुमचं, सत्कार तुमचा. नाव तेच राहू द्या, यांचे आभार शेवटी मानू."

बाई बोलिल्या, "पंत, इतिहास लिहिताय की माझी लग्नपत्रिका? घ्या लिहून. टिटवी म्हणजे चंद्रभागा. गोपिका धावले तळावर नव्हती, गोवराने घरी निजली होती."

पंतांनी पहिले वाक्य लिहिले आणि लेखणी थांबविली. "दुसरं कशाला? ते गाळू."

"गाळू नका. सगळ्या गोष्टीत तेवढंच मी स्वतः पाहिलेलं आहे."

मग तेही लिहिले. येणेप्रमाणे दौलतीचे पुस्तक, पाने दोनशे बारा, सिद्ध जाहले. त्यात तंबू उडाले ते आहे, राहिला तो आहे, आणि जी तेथे नव्हती तीही आपल्या जागी आहे. हकीकत येथवर.