जर्मनीतले आमचे मेंबर

आमच्या भोरमध्ये जर्मनीच्या निवडणुकीचा प्रचार करणारा एकच माणूस होता, आणि तो कल्हईवाला होता. भांडं घेऊन कुणीही बाई आली की हुसेनचाचा भात्याचा दांडा धरून आधी विचारत, "तुमी कुणाकडनं?" नव्या बायका भांबावून माहेरचं नाव सांगत. त्यांची पातेली मागच्या रांगेत जात. जुन्या बायका शहाण्या होत्या. "तुमच्या मेंबरकडनं, चाचा," म्हटलं की भांडी तासाभरात लखलखीत होऊन मिळत. माझी बायको यात पहिल्या नंबरात होती.

हे मेंबर म्हणजे जर्मनीच्या पार्लमेंटातले एक जुन्या वळणाचे जमीनदार. पहिल्या महायुद्धात चाचांचा एकुलता एक मुलगा अहमद पलटणीतून गेला, जर्मनांच्या कैदेत पडला आणि तिथल्या थंडीत न्यूमोनियाने वारला. कैद्यांच्या छावणीवरच्या ज्या अधिकाऱ्याने ती बातमी कळवली, तोच पुढे निवडणुकीला उभा राहिला आणि आलाही निवडून. छावणी त्याच्याच गावाच्या शिवेला होती, अहमदला पुरलंही तिथेच. माणूस भला, दर वर्षी इंग्रजीत एक पत्र पाठवी. आणि इंग्रजी पत्र फुकटात वाचून देणारा, चाचांच्या तावडीत सापडलेला मास्तर म्हणजे मी.

पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: 'तुमच्या मुलाच्या कबरीवरचा पाला झाडून घेतला आहे.' ती मी भरभर वाचून टाकी, कारण चाचा तेव्हा निखाऱ्यांकडे बघत बसत. मग लगेच म्हणत, "ते ऱ्हाऊ द्या. खुर्ची पक्की हाय ना?"

खुर्ची! त्या देशाला निवडणुकांची खोडच होती. पुण्याहून येणाऱ्या वर्तमानपत्रात 'जर्मनी' हा शब्द आहे असं कुणी नुसतं सांगितलं, तरी चाचा भर वर्गात खिडकीशी हजर. "मास्तर, परत निवडणूक? आत्ताच तर झाली!" जणू ती मीच लावली होती. मेंबर निवडून यावेत म्हणून ते पिराला चादर बोलत. आले की शाळेत साखर वाटत, आणि मी भूगोल बाजूला ठेवून बाकांवरच्या मुंग्या निस्तरत बसे.

एकदा मी चिडलोच. "चाचा, त्यांचा पक्ष जुन्या विचारांचा आहे. गेलेला राजा परत आणा म्हणतात ते!"

"जुना असंना. भांडं जाड हाय न्हवं? जाड भांड्याला कल्हई केली की झालं."

हेच वाक्य त्यांनी उत्तराच्या पत्रात घालायला लावलं. इंग्रजीत! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. शिवाय सल्ले होतेच. सभेत लई वरडू नका, घसा बसला तर हळद घालून दूध घ्या. आमच्याकडं भाटघरला धरण झालंय, तुमीबी एखादं बांधा, मतं पडतील. मी पदरचं तिकीट लावून हे सगळं साता समुद्रापार पाठवत होतो.

मग एका वर्षी पत्र आलं, मेंबर पडले.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं.  दुसऱ्या दिवशी चाचांचं दुकान बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. आठवड्याभरात कल्हई उडालेल्या भांड्यांत घरोघरची आमटी कळकू लागली, तेव्हा बायकोने मला पिटाळलं.

चाचा विझलेल्या भट्टीपुढे बसले होते. माझा तोल गेला. "हजारो मैलांवर कुणी गोरा पडला, म्हणून तुम्ही गावाला उपाशी मारणार? तो तुमचा लागतो तरी कोण?"

चाचांनी मान वर केली. "मास्तर, आता कुठं बदली हुईल वो त्याची?"

"बदली?"

"मर्जी गेली की मामलेदार हितनं हलतो. फौजदार हलतो. ह्यो बी हलणार. नव्या मानसाला काय ठावं, अहमद कुठं निजलाय? त्याच्याकडं कोण बघंल?"

 इतकी वर्षं त्या चादरी, ती साखर, ती मागच्या रांगेतली पातेली, सगळं यासाठी होतं. आणि मी नुसता चिडत राहिलो. माझी मलाच लाज वाटली. मी त्यांना समजावलं की मेंबराची बदली होत नसते. पडला तरी तो आपल्या गावात, आपल्याच घरी राहतो. चाचांनी तीनदा विचारून घेतलं. "म्हंजी तिथंच? अहमदच्या जवळ?"

"तिथंच."

त्यांनी डोळे पुसले आणि भात्यावर हात ठेवला. "मग लिवा मास्तर. म्हनावं, पडला ते लई बरं झालं. आता घरी ऱ्हावा." जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "आन येक लिवा. सायबाला राग यील म्हून इतकी वर्सं बोललो न्हाई. त्यो पाला झाडू नका म्हनावं. पोराला थंडी सोसत न्हाई. ऱ्हाऊ द्या अंगावर."

त्यांची वाक्यं मी नेहमी सुधारून लिहीत असे. हे होतं तसं लिहिलं, आणि लिहून होईपर्यंत मला मान वर करवली नाही.