पैलवानाची बदली

थोरल्या बाईंची तक्रार एवढीच होती, की त्यांचा मुलगा घरी आला की आधी बाथरूममध्ये जाऊन खेकड्याची विचारपूस करायचा, मग आठवण झालीच तर आईची. बाईंनी तीस वर्षं बाजारात खेकडे विकून त्याला शिकवलं, आणि आता तोच त्यांना खेकडा शिकवायला निघाला होता. कॉलेजात शिकवायचा, म्हणून बाई त्याला मास्तर म्हणत.

"आई, ही नुसती नांगी नाही, हत्यार आहे. एकीने फोडायचं, दुसरीने कापायचं. असं हत्यार घडायला कोट्यवधी वर्षं लागली."

"माझं बोट फोडायला त्याला एक क्षण पुरला," बाई म्हणाल्या.

टबातल्या त्या खेकड्याचं नाव पैलवान. आज अकरा वाजता कॉलेजात तीन परीक्षकांसमोर तो दाब मोजायचं यंत्र चिमटीत धरणार होता. काटा नीट वर गेला, की मास्तरांची नऊ वर्षांची हंगामी नोकरी कायम होणार होती.

आठ वाजता सूनबाईंना अंघोळीला जायचं होतं. त्यांनी टब उचलून दाराबाहेर ठेवला आणि वर टॉवेल टाकला. पैलवानाला शिडीच मिळाली. टॉवेल धरून तो वर आला, खाली उतरला आणि अंधारी जागा बघून मास्तरांच्या बुटात जाऊन बसला.

मास्तरांनी बुटात पाय घातला. मग जी ओढाताण झाली, तिच्यात पैलवानाने नांगी सोडून दिली आणि तो कपाटाखाली पसार झाला. नांगी मात्र अंगठ्यालाच राहिली.

"अहो, हत्यार सापडलं," सूनबाई ओल्या केसांनी धावत आल्या. "शिपाई पळाला."

"संपलं सगळं," मास्तर खाली बसले. "नऊ वर्षं गेली."

"रडतोस काय? परत उगवते ती."

"अकरापर्यंत?"

बाईंनी चपला घातल्या. "ऊठ. बाजारात चल."

बाईंच्या जागेवर आता त्यांची धाकटी बहीण बसायची. लंगडत आलेल्या भाच्याने टोपलीतल्या सर्वांत मोठ्या खेकड्यावर बोट ठेवलं. काय तो रुबाब, दोन्ही नांग्या आभाळाकडे. बाईंनी तो उलटा करून पोटावर अंगठा दाबला. पोट आत गेलं.

"हा नको. नुकतंच कवच बदललंय यानं. आत नुसतं पाणी." त्यांनी तळहाताएवढा, चिखलाने माखलेला एक खेकडा उचलला. "हा बघ. दगडासारखा जड."

"आई, जेवढी मोठी नांगी तेवढा जोर. माझा अख्खा प्रबंध आहे त्यावर."

"माझा अंगठा आहे त्यावर."

"मावशी, मोठा बांधून दे," मास्तर म्हणाले.

बाईंनी मोठा बांधू दिला. चिखलवाला मात्र त्यांच्या पिशवीत गेला.

अकराच्या ठोक्याला मोठ्या खेकड्याने टेबलावर नांग्या उगारल्या, तशी प्रमुख परीक्षकांनी खुर्ची मागे घेतली. मास्तर खूश. त्यांनी यंत्र पुढे केलं. खेकड्याने ते पाहुण्याची पिशवी धरावी तसं अदबीने धरलं. काटा जागचा हलला नाही. पुन्हा दिलं. पुन्हा तेच. एक परीक्षक खोकले. प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

दाराशी बसलेल्या बाई उठल्या, पिशवीतल्या खेकड्याची दोरी सोडली आणि त्याला टेबलावर ठेवलं. "याला द्या."

चिखलवाल्याने यंत्र असं आवळलं की काटा शेवटच्या आकड्यावर आपटला आणि काच तडकली. तिघेही परीक्षक उभे राहिले. यंत्र काही सुटेना.

"एवढासा जीव," प्रमुख वाकून बघत होते, "आणि तो एवढा मोठा रिकामा? हे कसं काय?"

मास्तरांनी मोठा खेकडा चिखलवाल्याशेजारी सरकवला.

"तेच तर दाखवायचं होतं, सर. कवच नवं असलं की नांगी लढायची नसते, नुसती दाखवायची असते. म्हणून मुद्दाम दोन्ही आणले. बरीच वर्षं माझा यावर विचार चालू आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

नोकरी तिथेच कायम झाली. जिना उतरताना मास्तरांचे पाय जमिनीला लागत नव्हते, दुखरा अंगठासुद्धा नाही. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "आई, काय बोललो ना मी!"

बाई पायरीवर थांबल्या. त्यांनी त्याच्या पोटावर अंगठा ठेवला आणि बाजारात दाबतात तसा दाबून पाहिला.

"नांग्या झकास उचलतोस," त्या म्हणाल्या. "पण कवच अजून नवंच आहे रे. आत नुसतं पाणी."